मनातले समज तपासायचे कसे : तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

आपल्या मनातले समज तपासून पाहायचे असे ठरवणारी बहुतेक माणसे पहिल्याच दिवशी सर्वांत जड प्रश्न हातात घेतात. भाऊ आपल्याशी प्रामाणिक आहे का, आपण नोकरी सोडली ते बरोबर होते का, श्रद्धा खरी की नुसती सवय, अशा प्रश्नांपासून सुरुवात होते आणि पंधरा दिवसांत एक तर प्रत्येक गोष्टीचा संशय येऊ लागतो, नाहीतर ‘खात्रीने काहीच सांगता येत नाही’ असे म्हणून वही कपाटात जाते. ठाण्यात नौपाड्यातील एका घरी आम्ही आठ-दहा जण गेली काही वर्षे महिन्यातून एकदा जमून हा सराव करतो. नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण याच ठिकाणी अडखळतो, म्हणून आम्ही पाळतो तो क्रम येथे लिहीत आहे.

या क्रमामागचे तत्त्व एकच आहे. ज्या समजाची तपासणी एका मिनिटात होते तो आधी घ्यायचा, मग एका दिवसात होणारा, मग काही आठवडे लागणारा, आणि माणसांच्या मनाविषयीचे समज सर्वांत शेवटी. शंका कोणालाही घेता येते; त्या शंकेचा निकाल कोणत्या गोष्टीने लागेल हे आधी ठरवणे ही शिकण्याची बाब आहे. तपासणी न ठरवता घेतलेली शंका मनात घोळत राहते आणि तिची काळजी होते.

तयारी

शंभर पानी रेघी वही घ्या आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखा : ‘दिसले-ऐकले’, ‘मला वाटले’ आणि ‘कशाने ठरेल’. मोबाइलवर नोंद करू नका. मोबाइलवर जुनी नोंद सहज बदलता येते, आणि बदललेली नोंद या कामात निरुपयोगी असते. वहीत खोडायचे झाल्यास एक आडवी रेघ मारा, म्हणजे खालचे अक्षर वाचता येईल. रोजचा वेळ पंधरा मिनिटे, शक्यतो रात्रीच्या जेवणाआधी. झोपताना ही वही उघडू नये, कारण त्या वेळी तिसऱ्या रकान्यात काही सुचत नाही आणि दुसरा मात्र भरत जातो.

पहिल्याच दिवशी आणखी एक काम करावे लागते, आणि ते बहुतेकांकडून राहून जाते. त्या दिवशी घडलेला एखादा साधा प्रसंग, उदाहरणार्थ लोकलमधली बोलाचाली किंवा सोसायटीची बैठक, कोण कोठे उभे होते, काय बोलले, कपडे कोणते होते, अशा तपशिलांसह एका कागदावर लिहून पाकिटात बंद करा आणि वर तारीख घाला. हे पाकीट चौथ्या टप्प्यापर्यंत उघडायचे नाही. आज लिहिले नाही तर चौथा टप्पा करताच येत नाही.

सावधान : ज्यांना कुलूप लावले का, गॅस बंद केला का, हात स्वच्छ झाले का, हे पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय चैन पडत नाही, जे सध्या खोल निराशेत आहेत किंवा ज्यांना इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात, त्यांनी हा सराव एकट्याने करू नये. अशा वेळी शंका वाढवणारा कोणताही अभ्यास त्रास वाढवू शकतो. आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. टेलि-मानस ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

टप्पा १ : डोळा, कातडी आणि चंद्र (पहिला आठवडा)

येथे मतांना हात लावायचा नाही. आपल्याला जे थेट जाणवते असे वाटते, त्यातही मनाची भर असते, एवढेच स्वतःच्या अनुभवाने पाहायचे आहे.

पहिला प्रयोग कागदाचा. कोऱ्या कागदावर डावीकडे अधिकचे लहान चिन्ह काढा आणि त्याच्या सरळ रेषेत उजवीकडे ८ सेंटिमीटरवर वाटाण्याएवढा भरीव काळा ठिपका काढा. कागद हातभर अंतरावर समोर धरा, डावा डोळा झाका आणि उजव्या डोळ्याने फक्त चिन्हाकडे पाहत कागद सावकाश जवळ आणा. डोळ्यापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आसपास ठिपका नाहीसा होतो आणि कागद आणखी जवळ आणला की परत दिसू लागतो. ज्या जागेतून चेतातंतूंचा जुडगा डोळ्याबाहेर मेंदूकडे जातो त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, आणि ठिपक्याची प्रतिमा नेमकी तेथे पडते. आता ठिपक्याच्या आरपार जाणारी एक आडवी रेघ ओढा आणि प्रयोग पुन्हा करा. ठिपका जातो, रेघ मात्र अखंड दिसते. त्या जागेतून कोणतीही माहिती येत नसताना मनाने रेघ पुरी केलेली असते.

ठिपका जात नसेल तर कारण या तीनपैकी एक असते : नजर नकळत ठिपक्याकडे वळते, कागद तिरका धरला जातो, किंवा तो फार झपाट्याने जवळ आणला जातो.

दुसरा प्रयोग तीन पातेल्यांचा. एकात सोसेल इतके गरम पाणी, दुसऱ्यात गार, मधल्यात कोमट. एक हात गरम आणि एक गार पाण्यात दोन मिनिटे ठेवून मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घाला. एकच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला गरम लागते. मधुमेहामुळे हातांना बधिरपणा असेल तर हा प्रयोग टाळावा.

तिसरा प्रयोग पौर्णिमेच्या संध्याकाळी करायचा आहे. पारसिकच्या डोंगरामागून वर येणारा चंद्र ठाण्याच्या गच्चीवरून परातीएवढा दिसतो. पंचिंग मशीनने कागदाला भोक पाडा, हात पूर्ण ताणून एक डोळा मिटून त्या भोकातून चंद्र पाहा. तो भोकात जेमतेम मावेल. रात्री दहा वाजता, तो माथ्याकडे चढून लहान दिसू लागल्यावर, तसाच हात ताणून पुन्हा पाहा. तो भोकात तितकाच बसतो, कारण आकाशात त्याने व्यापलेली जागा दोन्ही वेळी सुमारे अर्धा अंशच असते.

आता या टप्प्यातील मुख्य मुद्दा. भोकातून पाहिल्यानंतरही पुढच्या पौर्णिमेला क्षितिजावरचा चंद्र मोठाच दिसतो. कळल्यामुळे दिसणे बदलत नाही. नवख्यांना वाटते की सरावाने मन चुकायचे थांबेल, आणि तसे झाले नाही की ते निराश होतात. सरावाने एवढेच साधते की कागदाचे भोक केव्हा खिशातून काढायचे हे कळू लागते.

पुढे जाण्यापूर्वी तपासा : ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले’ हे वाक्य या आठवड्यात स्वतःच्या तोंडून निघताना एकदा तरी लक्षात आले का? नसेल, तर आणखी चार दिवस याच टप्प्यावर थांबा.

टप्पा २ : दिसले आणि वाटले यांची फारकत (दुसरा आठवडा)

सर्वांत जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे. रोज दोन साधे प्रसंग वहीत घ्या आणि पहिले दोन रकाने भरा. तिसरा रकाना आठवडाभर कोराच राहील.

पहिल्या रकान्याची कसोटी अशी, की तेथे उभ्या असलेल्या तिऱ्हाईताने तेच लिहिले असते का. ‘शेजारच्या काकूंनी मला टाळले’ हे वाक्य पहिल्या रकान्यात बसत नाही. ‘काकू लिफ्टमधून बाहेर आल्या, मी जिन्याजवळ उभी होते, त्या उजवीकडे वळून बोलल्याशिवाय गेल्या’ हे बसते. ‘टाळले’ हा दुसऱ्या रकान्यातला शब्द आहे. त्याच जातीचे आणखी काही शब्द पहिल्या रकान्यात शिरू देऊ नका : मुद्दाम, तुसडेपणाने, दुर्लक्ष केले, नेहमी, कधीच नाही, नाटक केले. आणि ‘च’ या एका अक्षरावर विशेष नजर ठेवा. ‘तो उशिरा आला’ आणि ‘तो उशिराच येतो’ या दोन वाक्यांमध्ये एका प्रसंगाचा स्वभाव होऊन जातो, आणि ते करणारे अक्षर इतके लहान असते की लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आमच्या गटात पहिल्या आठवड्यातील प्रत्येक ‘च’ला लाल गोल करण्याची पद्धत आहे.

मराठीने या कामासाठी आपल्याला तयार साधन दिले आहे आणि आपण ते वापरायचे विसरतो. ‘पाऊस पडला’, ‘पाऊस पडला असावा’ आणि ‘पाऊस पडला म्हणे’ ही तीन वेगळी विधाने आहेत. पहिल्यात मी पाऊस पाहिला आहे. दुसऱ्यात मी ओला रस्ता पाहिला आहे. तिसऱ्यात मला कोणी सांगितले आहे. न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेने, ज्ञानाची चार साधने मानली, प्रत्यक्ष (स्वतः अनुभवलेले), अनुमान (खुणेवरून ताडलेले), उपमान (साम्यावरून जाणलेले) आणि शब्द (विश्वासू माणसाने सांगितलेले). त्यांपैकी प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही तीन आपल्या रोजच्या क्रियापदांत अशी उमटलेली आहेत. म्हणून दुसऱ्या रकान्यातील प्रत्येक वाक्य ‘असावा-असावी-असावे’ या रूपात लिहा आणि ऐकीव गोष्टीला ‘म्हणे’ जोडा. ‘काकू रागावल्या आहेत’ असे न लिहिता ‘काकू रागावल्या असाव्यात’ असे लिहिले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : कशावरून?

नेहमीची चूक अशी, की ‘असावे’ची सवय लागल्यावर माणूस पाहिलेल्या गोष्टीलाही ते लावू लागतो. समोर पडलेल्या पावसाला ‘पडला असावा’ म्हणण्यात सावधपणा नाही. जे पाहिले ते ‘पडला’ असेच ठामपणे लिहावे. तसे लिहिल्यानेच ‘असावा’ला वजन येते.

पुढे जाण्यापूर्वी तपासा : पहिला रकाना घरातील दुसऱ्या कोणालाही वाचायला द्या आणि लिहिणारा त्या वेळी खूश होता की चिडलेला, हे ओळखायला सांगा. ओळखता आले, तर फारकत अजून नीट झालेली नाही.

टप्पा ३ : काही आठवड्यांत निकाल लागेल असे समज (तिसरा ते सहावा आठवडा)

आता तिसरा रकाना उघडायचा. क्रम काटेकोर पाळा : आधी समज एका वाक्यात लिहा, मग तो खरा असेल तर काय दिसेल आणि खोटा असेल तर काय दिसेल, ही दोन्ही वाक्ये लिहा, मग मोजा. मोजल्यानंतर ही वाक्ये लिहिली तर मन आलेल्या निकालाला जुळवून घेते आणि सारी मेहनत वाया जाते.

बसचा समज सुरुवातीला उत्तम. ठाण्यातील माजिवड्याला स्टेशनकडे जाणाऱ्या टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बसची, वाट पाहताना ‘समोरच्या बाजूच्याच बस जास्त येतात’ असे कोणाला वाटले नाही? मोजायला लागल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या दिशेची पहिली बस आली की आपण चढतो आणि मोजणी संपते, म्हणजे आपल्या बाजूचा आकडा एकाच्या वर जाणे शक्यच नसते. पलीकडचा आकडा मात्र वाढत राहतो. निकाल हवा असेल तर आपली बस सोडून अर्धा तास तेथेच उभे राहून दोन्ही बाजू मोजाव्या लागतात. सुटीच्या दिवशी हे एकदा अवश्य करा.

त्याच थांब्यावरचा दुसरा समज, ‘मला सरासरीपेक्षा जास्त थांबावे लागते’, वेगळाच निघतो. समजा, तासाला सहा बस आहेत, पण वाहतुकीमुळे त्यांच्यातले अंतर आळीपाळीने ५ आणि १५ मिनिटांचे पडते. दर दहा मिनिटांनी बस, म्हणून सरासरी पाच मिनिटे थांबावे लागेल असे वाटते. परंतु दर वीस मिनिटांतील पंधरा मिनिटे लांब अंतराची आहेत, म्हणजे चारांतले तीन प्रवासी त्या लांब अंतरातच येऊन पोहोचतात आणि सरासरी साडेसात मिनिटे थांबतात. उरलेला एक अडीच मिनिटे थांबतो. एकूण सरासरी सव्वासहा मिनिटे येते. येथे तक्रार खरी ठरली. तपासणी म्हणजे समज खोटा पाडणे, असे धरून चालणाऱ्यांनी हे उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

तिसरा सराव दोघांनी मिळून करण्याचा आहे. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग घरी सहज होतो. एकाने मनात ‘चढत्या क्रमाचे कोणतेही तीन आकडे’ हा नियम धरावा आणि दुसऱ्याला एवढेच सांगावे की २, ४, ६ हे आकडे नियमात बसतात. दुसऱ्याने तीन-तीन आकडे सुचवत नियम शोधायचा, पहिल्याने फक्त ‘बसते’ किंवा ‘बसत नाही’ म्हणायचे. बहुतेक जण ८, १०, १२ आणि २०, २२, २४ असे विचारून ‘दोनाने वाढणारे आकडे’ हे उत्तर छातीठोकपणे देतात. आपल्या मते जे बसणार नाही, उदाहरणार्थ १, २, ५०, ते मुद्दाम विचारून पाहणे त्यांना सुचत नाही. यातून तिसऱ्या रकान्यासाठी एक नियम मिळतो : माझा समज चुकीचा असेल तर तो कोठे सापडेल, तेथे आधी जाऊन पाहायचे.

चौथा सराव घरगुती कारणांचा. ‘रात्री दही खाल्ले की घसा बसतो’ यासारखा समज घ्या आणि चार घरांचा चौकोन आखा : खाल्ले आणि बसला, खाल्ले आणि बसला नाही, खाल्ले नाही तरी बसला, खाल्ले नाही आणि बसला नाही. चार आठवडे रोज एका घरात एक खूण करा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो ते पहिले घर. लक्षात तेवढेच राहते, आणि उरलेल्या तीन घरांशिवाय त्या एका घराला काही अर्थ नसतो. ‘खाल्ले’ याची व्याख्या, म्हणजे किमान एक वाटी, रात्री आठनंतर, पहिल्या दिवशीच लिहून टाका. अन्यथा घसा बसल्यावर दुपारचे ताकही दह्यात मोजले जाते.

सावधान : डॉक्टरांनी दिलेले औषध, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी, वीज, गॅस आणि रस्ता ओलांडणे हे तपासणीचे विषय नाहीत. ‘गोळी न घेता पाहू’ असा प्रयोग कोणीही करू नये.

टप्पा ४ : आठवण (सातवा आठवडा)

पाकिटाला हात न लावता तोच प्रसंग नव्याने लिहा, प्रत्येक तपशिलापुढे आपली खात्री दहापैकी किती ते नोंदवा, आणि मगच पाकीट उघडा. दोन्ही कागदांतील फरकांखाली रेघ ओढा. चुका किती झाल्या यापेक्षा ज्या तपशिलांपुढे नऊ किंवा दहा लिहिले होते त्यांतील किती चुकले, ते पाहा.

प्रसंगात दुसरे कोणी असेल तर त्यांनाही लिहायला सांगा. त्याआधी एकमेकांशी त्याविषयी बोलू नका. बोलण्याने आठवण किती हलते याचा पुरावा एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ सालच्या प्रयोगात आहे. मोटारींच्या टकरीच्या त्याच चित्रफिती पाहिलेल्यांना विचारताना ‘आदळल्या’ या अर्थाचा शब्द वापरला तेव्हा त्यांनी वेग सरासरी ताशी सुमारे ४१ मैल सांगितला, आणि ‘धडकल्या’ या अर्थाचा सौम्य शब्द वापरला तेव्हा ३४ मैल. दुसऱ्या एका चित्रफितीबाबत, आठवड्यानंतर, फुटलेली काच पाहिल्याचे ‘आदळल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी सांगितले, ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच.

काही आठवणींचा निकाल लागत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्यावरच्या आजीला उचलून वरच्या मजल्यावर कोणी नेले, याविषयी मी आणि माझा धाकटा भाऊ दोघेही ‘मीच’ असे सांगतो, दोघांनाही तिच्या ओल्या लुगड्याचा भार आठवतो, आणि आजी आता नाही. त्या दिवसाचा कागद आमच्याकडे नाही. माझ्या वहीत ती नोंद ‘मी नेले असावे’ अशी आहे, आणि भावाच्या वहीतही तशीच.

टप्पा ५ : माणसांविषयीचे समज (आठव्या आठवड्यापासून)

ज्यांना आधीचे चार टप्पे कंटाळवाणे वाटतात ते थेट येथे उडी मारतात आणि घरात भांडण होते. या टप्प्याच्या पायऱ्या अशा :

१. दुसऱ्या रकान्यातील एक समज निवडा. सध्या धुमसत असलेला वाद घेऊ नका.

२. त्याच दिसण्या-ऐकण्याला लागू पडणारी आणखी तीन कारणे लिहा, त्यांतील एक तरी तुमच्याशी अजिबात संबंध नसलेले असावे.

३. कोणत्या माहितीने या चारांपैकी निवड होईल, ते ठरवा.

४. विचारायचे झाल्यास पहिल्या रकान्यातील वाक्य वापरून विचारा. ‘तुम्ही माझ्यावर रागावलात का?’ या प्रश्नात आपला समज आधीच भरलेला असतो आणि समोरच्याला बचाव करावा लागतो. ‘मंगळवारी मी जिन्याजवळून हाक मारली होती, ऐकू आली का?’ या प्रश्नाला सरळ उत्तर देता येते.

तलावपाळीवर सकाळी फिरताना समोरून येणारे एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्या ‘नमस्कार’ला कित्येक आठवडे उत्तर देत नसत. मी ‘घमेंडखोर असावेत’ असे लिहिले होते. वर सांगितल्याप्रमाणे विचारले तेव्हा कळले की त्यांना एका कानाने ऐकू येत नाही आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ते पायाखालची फरशी पाहत चालतात; मी नेहमी तलावाच्या कठड्यालगत चालत असे आणि त्यांचा तो कान त्याच बाजूला असे. मी लिहिलेल्या इतर तीन कारणांतही हे नव्हते, आणि तसे होणे नेहमीचेच आहे, म्हणून यादीवर विसंबून विचारणे टाळू नये.

सावधान : आठवड्यातून एकापेक्षा जास्त प्रश्न विचारू नका; माणसे थकतात. वही भांडणात पुरावा म्हणून काढू नका. आणि मारहाण, धमकी किंवा पैशांची फसवणूक स्पष्ट दिसत असेल, तर तेथे चार कारणे शोधत बसू नका. ते पहिल्या रकान्यात ‘झाले’ असे लिहा आणि मदत मागा.

निकाल कसा नोंदवावा

प्रत्येक समजापुढे ‘टिकला’, ‘मोडला’ किंवा ‘अनिर्णित’ यांपैकी एकच शब्द आणि तारीख लिहा. सगळेच मोडत असतील तर तुम्ही फक्त मोडण्याजोगे समज निवडत आहात, आणि सगळेच टिकत असतील तर तिसरा रकाना सैल लिहिला जात आहे. एकदा निकाल लागलेला समज नवी माहिती आल्याशिवाय पुन्हा उघडू नका. वही भरली की नव्या वहीच्या पहिल्या पानावर फक्त ‘अनिर्णित’ नोंदी मूळ तारखेसह उतरवून घ्या, त्यांची क्रियापदे ‘असावे’ याच रूपात ठेवा, आणि नवे पाकीट त्याच संध्याकाळी बंद करा.